जांभळाच्या रंगापासून वीज, लाकडापासून बॅटरी: अँटिऑक्सिडंटच्या बातम्यांमागचं विज्ञान सोप्या भाषेत

"जांभळापासून बनवला सोलर सेल", "झाडापासून बॅटरी", "व्हिटॅमिन सीमुळे सोलर पॅनेल टिकणार" अशा बातम्या तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येतच असतील. त्याच फीडमध्ये थोडं खाली स्क्रोल केलं की "पॉवरफुल अँटिऑक्सिडंट" लिहिलेल्या पावडरची जाहिरातही दिसते. बातमी शेअर करावी की हसून सोडून द्यावी, आणि पावडर घ्यावी की पैसे वाचवावेत, हे कळायला या दोन्हींमागचं रसायनशास्त्र माहीत हवं. गंमत म्हणजे ते एकच आहे.

या लेखात आपण बघणार आहोत की अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय, त्याचा सोलर सेल आणि बॅटरीशी काय संबंध, संशोधन कुठपर्यंत आलं आहे आणि आपल्या मोबाइलला त्याचा कधी काही उपयोग होईल का.

थोडक्यात सांगायचं तर

- अँटिऑक्सिडंट म्हणजे सहज इलेक्ट्रॉन देऊ शकणारा रेणू. बस, एवढंच.
- फळाफुलांमधले अनेक रंग हेच काम करतात, म्हणून ते सोलर सेलमध्ये वापरून बघितले गेले.
- नैसर्गिक रंगाचे सेल चालतात, पण फार कमी वीज देतात आणि लवकर खराब होतात.
- त्यातून मिळालेलं ज्ञान मात्र वाया गेलेलं नाही. त्याच रचनेचे सेल आज बाजारातल्या हेडफोनमध्ये आहेत.
- "नैसर्गिक" आणि "अँटिऑक्सिडंट" हे शब्द ऐकून लगेच विश्वास ठेवू नका. पाच प्रश्न विचारा. ते लेखाच्या शेवटाकडे दिले आहेत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

सफरचंद चिरून ठेवलं की थोड्या वेळाने तपकिरी पडतं. लोखंडी खिळा पावसात राहिला की गंजतो. शेंगदाण्याचं कूट जुनं झालं की खवट लागतं. या तिन्ही ठिकाणी एकच प्रकार घडतो, त्याला ऑक्सिडेशन म्हणतात. सोप्या भाषेत, एका रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. बहुतेक वेळा काढून घेणारा असतो हवेतला ऑक्सिजन.

आता त्याच सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळा. फोडी बराच वेळ पांढऱ्या राहतात. लिंबातला आंबटपणा तपकिरी पडण्याची क्रिया मंदावतो हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे लिंबातलं व्हिटॅमिन सी. ते आपले इलेक्ट्रॉन पुढे करतं, म्हणजे फोडीतले रेणू वाचतात. म्हणून ते अँटिऑक्सिडंट.

जांभूळ, करवंद, कोकम, काळी द्राक्षं, जास्वंद यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे असतो. हे रेणूही इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतात, म्हणून त्यांनाही अँटिऑक्सिडंट म्हणतात. चहातली पॉलिफेनॉल्स, हळदीतलं कर्क्युमिन, लाकडातलं लिग्निन हे सगळे याच जातकुळीतले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वीज म्हणजे काय? तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन. मग जो रेणू इलेक्ट्रॉन सहज देतो, त्याच्याकडून ते घेऊन तारेतून फिरवता येतील का? संशोधकांना नेमका हाच प्रश्न पडला.

जांभळाचा रंग सोलर सेलमध्ये काय करतो?

आपल्या छतांवर दिसणारे सोलर पॅनेल सिलिकॉनचे असतात. पण सोलर सेल बनवायची आणखी एक पद्धत आहे. १९९१ मध्ये ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ती मांडली. ग्रेट्झेल स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या ईपीएफएल या संस्थेत काम करतात. या सेलला रंग-संवेदित सोलर सेल म्हणतात. अनेक जण त्याला सरळ 'ग्रेट्झेल सेल' म्हणतात.

त्याची रचना एखाद्या सँडविचसारखी असते:

1. वरची काच: हिच्या एका बाजूला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो.
2. पांढरा थर: काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तोच हा पदार्थ.
3. रंग: या पांढऱ्या थरात रंगाचे रेणू मुरवलेले असतात.
4. द्रव: मध्ये आयोडीनचं द्रावण.
5. खालची काच: हिच्यावर प्लॅटिनम किंवा कार्बनचा पातळ थर.

आता हे चालतं कसं ते बघूया. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरं असतं, म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश ते शोषत नाही, परत फेकतं. फक्त अतिनील किरणं शोषतं. त्यामुळे एकटं ते उन्हाचा फारसा उपयोग करून घेऊ शकत नाही. इथे रंग कामाला येतो. रंगाच्या रेणूवर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळी मारतो आणि शेजारच्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये जाऊन पडतो. तिथून तो काचेवरच्या थरातून तारेत, तारेतून दिव्यात आणि दिव्यातून दुसऱ्या काचेपर्यंत पोहोचतो.

पण रंगाचा रेणू तर इलेक्ट्रॉन देऊन बसला. तो तसाच राहिला तर संपला. मग आयोडीनचं द्रावण दुसऱ्या काचेवरून इलेक्ट्रॉन आणून त्या रेणूला परत देतं. रेणू पुन्हा तयार. हे चक्र प्रकाश आहे तोवर सुरू राहतं.

अँटिऑक्सिडंट आणि सोलर सेलमधला रंग यांच्यातला महत्त्वाचा फरक इथेच आहे. लिंबातलं व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. सोलर सेलला मात्र देणारा आणि परतफेड करणारा असे दोघेही लागतात. परतफेड वेळेवर झाली नाही तर सेल बंद पडतो.

मग जांभळाचा सेल किती वीज देतो?

१९९७ मध्ये ग्रेट्झेल यांच्यासह काही संशोधकांनी ब्लॅकबेरीच्या अँथोसायनिनचा सेल बनवला. त्यांना दिसलं की रंगाकडून टायटॅनियम डायऑक्साइडकडे इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने जातो, एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात. अँथोसायनिनच्या रेणूवर शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट टायटॅनियमला घट्ट धरतात, म्हणून हे जमतं.

पण त्या सेलची कार्यक्षमता होती ०.५६ टक्के. म्हणजे १०० वॅटचा प्रकाश पडला तर वीज मिळाली अर्ध्या वॅटच्या आसपास.

२०१७ मध्ये आपल्याकडे आयआयटी रुर्कीच्या संशोधकांनी जांभळाचा अर्क वापरून असे सेल बनवले आणि ती बातमी देशभर गाजली. प्रयोग खरा होता, निकालही खरा होता. पण अशा फळांच्या रंगांच्या सेलची कार्यक्षमता एका टक्क्याच्याही खालीच राहिली. बातमीच्या मथळ्यात हा आकडा सहसा नसतो.

इतकी कमी का? तीन कारणं आहेत.

- अर्धवट प्रकाश: अँथोसायनिन मुख्यतः हिरव्या भागातला प्रकाश शोषतं. सूर्यप्रकाशातला लाल आणि त्यापलीकडचा मोठा भाग वाया जातो.
- गळती: दिलेला इलेक्ट्रॉन तारेत जाण्याआधीच अनेकदा मागे फिरतो.
- रंग उडणं: जांभळ्या रंगाचा शर्ट रोज उन्हात वाळत घातला तर काय होतं? तेच सेलमध्ये होतं. ऊन, उष्णता आणि ऑक्सिजन यांनी नैसर्गिक रंग विरतो.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे. छतावरच्या सिलिकॉन पॅनेलला कंपन्या साधारण २५ वर्षांची हमी देतात. फळाच्या रंगाला ते जमत नाही.

मोबाइल चार्ज होईल का? चला, गणित करूया

हा प्रश्न सगळ्यांना पडतोच. समजा, तुमच्या फोनची मागची बाजू १६ सेंटिमीटर लांब आणि ७.५ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. त्या हिशेबाने फोनच्या पाठीवर १२ वॅट पडतील.

तुमची बॅटरी ५००० एमएएचची असेल तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. सगळी पाठ सोलर सेलने झाकली आणि मधली गळती अजिबात धरली नाही, तरी फुल चार्जला लागणारा वेळ असा येतो:

- सिलिकॉन सेल (२० टक्के): २.४ वॅट मिळतील. साधारण ८ तास कडक ऊन.
- फळाच्या रंगाचा सेल (०.५ टक्के): ०.०६ वॅट मिळेल. साधारण ३२० तास. रोज पाच तास कडक ऊन धरलं तरी दोन महिन्यांहून जास्त.

शिवाय फोन तासन् तास उन्हात ठेवला तर तो तापतो आणि लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य कमी होतं. म्हणजे सिलिकॉनचा पर्यायही व्यवहारात तितकासा सोयीचा नाही.

थोडक्यात, "जांभळाने चार्ज होणारा फोन" येणार नाही. पण गोष्ट इथे संपत नाही.

खरी मजा घरातल्या उजेडात आहे

ग्रेट्झेल सेलचा मूळ विचार पुढे नेताना संशोधकांनी मुख्यतः प्रयोगशाळेत बनवलेले रंग वापरले. १९९१ च्या पहिल्या सेलमध्येच रुथेनियम या धातूचा रंग होता आणि त्याची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या पुढे गेली होती. २०२२ मध्ये ईपीएफएलच्या गटाने दोन कृत्रिम रंग एकत्र वापरून कडक उन्हात १५.२ टक्के गाठले. पण त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच होता. घरातल्या मंद उजेडात त्याच सेलने २८ ते ३० टक्के कार्यक्षमता दाखवली.

मंद उजेडात, ढगाळ हवेत किंवा तिरप्या प्रकाशातही चांगलं काम करणं हा या सेलचा खास गुण आहे. नेहमीचे सिलिकॉनचे पॅनेल कडक उन्हासाठी बनवलेले असतात आणि घरात ते मागे पडतात.

पण इथेही गणित करून बघायला हवं. अभ्यासाच्या टेबलावरचा चांगला उजेड साधारण ५०० लक्स असतो. त्यातून एका चौरस मीटरवर जेमतेम दीड वॅट ऊर्जा पडते. म्हणजे फोनच्या पाठीवर सुमारे १८ मिलिवॅट, आणि ३० टक्क्यांच्या हिशेबाने वीज मिळेल साधारण ५ मिलिवॅट. एवढ्यावर फोन फुल चार्ज करायला दिवे अखंड चालू ठेवून जवळपास १४५ दिवस लागतील. चालू फोन नुसता पडून राहिला तरी त्याची बॅटरी इतके दिवस पुरत नाही. म्हणजे भरण्यापेक्षा रिकामं होण्याचा वेग जास्त.

मग उपयोग कुठे? जिथे वीज फारच कमी लागते तिथे. टीव्हीचा रिमोट, दार उघडल्याचं सांगणारा सेन्सर, तापमान मोजणारं छोटं यंत्र, दुकानातले इलेक्ट्रॉनिक किमतीचे फलक. स्वीडनच्या एक्सेजर या कंपनीने असे लवचीक सेल बनवले आहेत आणि २०२१ मध्ये अर्बनिस्टा कंपनीने ते हेडफोनच्या पट्टीवर लावून 'लॉस एंजेलिस' नावाचा हेडफोन बाजारात आणला. हेडफोनला वीज कमी लागते आणि तो उजेडात घातला जातो, म्हणून तिथे हे गणित जुळतं.

जगभरात अशा छोट्या यंत्रांची संख्या वाढते आहे. प्रत्येकात बटण सेल किंवा पेन्सिल सेल टाकायचा आणि संपला की कचऱ्यात फेकायचा, याला पर्याय मिळाला तर तो कचरा वाचेल. अशा सेलच्या संशोधनाचा खरा फायदा इथे आहे.

बॅटरीत झाड कसं येतं?

सोलर सेल वीज बनवतो, बॅटरी साठवते. बॅटरीतही इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणच चालते. त्यामुळे झाडांमधले पदार्थ इथेही वापरून बघितले गेले. तीन उदाहरणं बघूया.

१. मंजिष्ठा आणि तिच्या कुळातली झाडं. मंजिष्ठेची मुळं कापड रंगवायला पूर्वीपासून वापरली जातात. या कुळातल्या मुळांमध्ये पर्प्युरिन नावाचा लाल रंग असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठ आणि सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं की पर्प्युरिन लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वापरता येतं. आज अनेक लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट लागतं, ते खाणीतून काढावं लागतं. शेतात उगवणारा पर्याय मिळाला तर बरंच, असा त्यामागचा विचार. हे काम मात्र प्रयोगशाळेतच राहिलं.

२. लाकडातलं लिग्निन. लाकडाला ताठपणा देणारा हा पदार्थ. लाकडाच्या वजनात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असतं. कागद बनवताना ते वेगळं निघतं आणि बहुतेक कारखाने ते बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निन ऑक्सिजनशिवाय खूप तापवलं तर 'हार्ड कार्बन' मिळतो आणि तो बॅटरीच्या एका टोकाला ग्रॅफाइटच्या जागी वापरता येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: इतक्या उष्णतेनंतर त्यात अँटिऑक्सिडंटचा कुठलाही गुण उरत नाही. उरते ती फक्त कार्बनची रचना.

स्टोरा एन्सो या कंपनीने २०२१ मध्ये फिनलंडमधल्या सुनिला इथे असा कार्बन बनवणारा छोटा कारखाना सुरू केला. २०२२ मध्ये स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीशी करारही जाहीर झाला. पुढे मार्च २०२५ मध्ये नॉर्थव्होल्टने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नॉर्थव्होल्ट बुडाली ती लिग्निनमुळे नाही, पण यातून एक गोष्ट कळते. विज्ञान बरोबर असलं तरी कारखाना, भांडवल आणि गिऱ्हाईक जुळेपर्यंत वस्तू आपल्या हातात येत नाही.

३. नारळाची करवंटी. ही मात्र यशाची गोष्ट आहे. करवंटीपासून बनवलेला सक्रिय कार्बन पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो हे अनेकांना माहीत आहे. तोच कार्बन अधिक शुद्ध करून सुपरकपॅसिटरमध्येही वापरतात, आणि हे प्रयोग म्हणून नाही तर व्यापारी पातळीवर. करवंटीच्या कार्बनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे चिमूटभर पावडरीतही प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर विद्युतभार साठतो.

हार्ड कार्बनला महत्त्व आलं ते सोडियम-आयन बॅटरीमुळे. सोडियम म्हणजे मिठातलं मूलद्रव्य, स्वस्त आणि मुबलक. पण लिथियम बॅटरीतलं ग्रॅफाइट सोडियमला नीट सामावून घेत नाही, म्हणून हार्ड कार्बन लागतो. पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. ते पुण्यातल्याच आयसर या संस्थेसोबत विकसित झालं आहे. सोडियम बॅटरी तेवढ्याच ऊर्जेसाठी लिथियमपेक्षा जड असते, म्हणून मोबाइलमध्ये ती लवकर येणार नाही. दुचाकी, रिक्षा आणि सोलरची वीज साठवणं ही तिची जागा.

अँटिऑक्सिडंटचं दुसरं काम: टिकवणं

मथळ्यात येत नाही, पण स्वच्छ ऊर्जेत अँटिऑक्सिडंटचा जास्त उपयोग वीज बनवण्यापेक्षा उपकरण टिकवण्यासाठी होतो.

- पेरोव्हस्काइट सोलर सेल: हे नव्या पिढीचे सेल. त्यांच्या काही प्रकारांत शिशाऐवजी कथील वापरतात, कारण शिसं विषारी. पण कथील पटकन ऑक्सिडाइझ होतं आणि सेल बिघडतो. त्यावर उपाय म्हणून संशोधकांनी व्हिटॅमिन सीसारखे अँटिऑक्सिडंट त्यात मिसळून बघितले आणि सेल सुधारले. लिंबाने सफरचंद वाचवलं, तसंच हे.
- हायड्रोजन फ्यूएल सेल: यातल्या पडद्याला चालताना तयार होणारे मुक्त कण कुरतडतात. ते पकडायला पडद्यात सेरियम हे मूलद्रव्य मिसळतात.
- बायोडिझेल: करंज किंवा सोयाबीनसारख्या तेलांपासून बनवलेलं बायोडिझेल साठवणीत खवट होतं, अगदी घरातल्या तेलासारखं. म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालावं लागतं.

म्हणजे बघा, रेणू तोच, गुण तोच. कुठे वापरला, किती वापरला आणि इलेक्ट्रॉनची परतफेड कोण करतं यावर सगळं अवलंबून.

मग अँटिऑक्सिडंट पावडर घ्यायची का?

आता जाहिरातीकडे येऊ. "परीक्षानळीत इलेक्ट्रॉन देतं" आणि "शरीरात आजार रोखतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरात गेलेला रेणू पचतो, बदलतो, बाहेर टाकला जातो. शरीराची स्वतःची परतफेडीची व्यवस्थाही असते; उदाहरणार्थ, व्हिटॅमिन ई इलेक्ट्रॉन देऊन बसलं की व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा तयार करतं.

जास्त घेतलं म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये आलेल्या निकालात दिसलं की बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलं. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण तिथेही नुकसान दिसत होतं.

अनेक पाकिटांवर 'ओरॅक' नावाचा अँटिऑक्सिडंट आकडा छापलेला असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादी एकेकाळी प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यावरून शरीरावरचा परिणाम ठरवता येत नाही आणि जाहिरातदार त्याचा गैरवापर करत होते.

याचा अर्थ जांभूळ, कोकम, आवळा खाऊ नका असा नाही. बिनधास्त खा, फळं चांगलीच असतात. पण फळ खाणं आणि त्यातल्या एका रेणूची मोठी मात्रा डबीतून घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अशी बातमी आली की हे पाच प्रश्न विचारा

1. कार्यक्षमता किती टक्के? आकडाच नसेल तर बातमी अर्धी आहे.
2. कोणत्या उजेडात? कडक ऊन की घरातला दिवा? घरातले ३० टक्के आणि उन्हातले ३० टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.
3. सेल केवढा होता? प्रयोगशाळेतले सेल अनेकदा नखाएवढे असतात. मोठे केले की कार्यक्षमता घसरते.
4. किती दिवस टिकला? तास, महिने की वर्षं?
5. आज कोणी विकतंय का? नसेल तर ते संशोधन आहे, उत्पादन नाही. संशोधन म्हणून त्याचं कौतुक करा, पण त्यावर पैसे लावू नका.

हे प्रश्न फक्त जांभळासाठी नाहीत. "पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी" किंवा "पाण्यावर चालणारी गाडी" अशा बातम्यांनाही लावून बघा.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग

तीन-चार लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. रंग उतरला की पाणी तीन ग्लासांत वाटा. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, तिसरा तसाच ठेवा. लिंबाचा ग्लास गुलाबी-लाल होईल, सोड्याचा हिरवट-निळसर. अँथोसायनिन किती नाजूक आहे, आजूबाजूची आम्लता बदलली की कसं बदलतं, ते समोर दिसेल.

आता उरलेल्या रंगात पांढरा जाड कागद बुडवून वाळवा. अर्धा कागद ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. मग फॉइल काढून दोन्ही भाग शेजारी बघा. उघड्या भागाचा रंग किती उतरला, त्यावरून नैसर्गिक रंगाचा सेल बाजारात का आला नाही याचं उत्तर मिळेल. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग स्वस्त आणि मस्त आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात जांभळाचा सोलर सेल बनवता येतो का?
हो. वीजवाहक काच, टायटॅनियम डायऑक्साइड, फळाचा रस, आयोडीनचं द्रावण आणि पेन्सिलीचं ग्रॅफाइट एवढ्यावर जमतं. काचेवरचा पांढरा थर भाजावा लागतो आणि आयोडीन हाताळावं लागतं, म्हणून शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. एका सेलमधून साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट मिळतात.

मग असे दहा-पंधरा सेल जोडले तर फोनला लागणारे ५ व्होल्ट मिळतील ना?
व्होल्ट मिळतील, पण प्रवाह फारच कमी असेल. फोन चार्ज व्हायला दोन्ही लागतात.

नैसर्गिक वस्तू म्हणजे पर्यावरणाला चांगली, असं धरायचं का?
नाही. कमी काळ टिकणारी वस्तू पुन्हा पुन्हा बनवावी लागत असेल तर तिची ऊर्जा आणि कचरा दोन्ही वाढतात. टाकाऊ करवंटी किंवा लिग्निन वापरणं आणि त्यासाठी मुद्दाम झाडं तोडणं यातही फरक आहे.

या संशोधनाचा मला आज काय उपयोग?
उजेडावर चालणारा रिमोट किंवा हेडफोन घेताना तो घरातल्या उजेडासाठी बनवला आहे की फक्त उन्हासाठी, हे तपासा. आणि मथळा वाचून निर्णय घेऊ नका.

शेवटी एवढंच

जांभळाच्या सेलने आपल्या घरातला दिवा लागला नाही. पण एक नाजूक रंग इलेक्ट्रॉन कसा देतो, तो परत कसा मिळवतो आणि कशामुळे विरतो, हे त्यातून शिकायला मिळालं. निसर्गाकडून शिकणं म्हणजे फळ पिळून यंत्रात ओतणं नाही, त्यातली युक्ती समजून घेणं. पुढच्या वेळी ग्रुपवर अशी बातमी आली तर वरचे पाच प्रश्न तिथे टाका. उत्तरं शोधताना मथळ्यापेक्षा जास्त मजेदार गोष्टी सापडतील.